नगर जिल्ह्यातील वाचनालये व आपला समाज

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही थोडे घोटाळलो. आम्ही पंडित नव्हे, इतिहाससंशोधक तर नव्हेच. १९७५ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन व शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन पुढील सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या चार भिंतींत घालविलेले आम्ही एक सामान्य मास्तर. तथापि संस्थेच्या जुन्या वास्तूच्या दुरुस्तीसाठी सध्या निधी जमविणे चालू आहे, आणि त्या वास्तूत काय असावे व काय नसावे याची चर्चा घरोघर होत आहे. कोणी म्हणतो सभागृह मोठे करा, कोणी म्हणतो स्वयंपाकघर वाढवा. या चर्चेत एका खोलीची बाजू कोणीच मांडलेली नाही. ती मांडावी, व ती मांडण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील वाचनालयांचा थोडा पूर्वेतिहास वाचकांपुढे ठेवावा, या हेतूने ही लेखणी हाती घेतली आहे.

ज्या जिल्ह्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर हे नाव मिळाले, त्या आपल्या जिल्ह्याला ग्रंथांचे वैभव नवे नाही. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती प्रवरातीरी नेवाशास. संतचरित्रकार महिपतींनी शके १६८४ मध्ये, म्हणजे इसवी सन १७६२ मध्ये, 'भक्तिविजय' सिद्धीस नेला तो राहुरी तालुक्यातील ताहराबादेस. परंतु त्या काळी ग्रंथ म्हणजे हाताने लिहिलेली पोथी. ती देवळात नाही तर एखाद्या वाड्यात रुमालात बांधलेली असे. वाचणारा एक व ऐकणारे शंभर, अशी व्यवस्था होती. श्रवणाचा लाभ सर्वांना होता, ही मोठीच गोष्ट; तिला आम्ही उणे लेखीत नाही. तरी एक गोष्ट मनात येते ती सांगतो. पोथीवरचा रुमाल आपल्यासारख्या विणकरांच्या मागावर निघालेला असे. परंतु त्या रुमालाची गाठ सोडून आतले अक्षर स्वतः वाचण्याची वेळ आपल्या पूर्वजांपैकी फारच थोड्यांवर आली. वस्त्र आपले, अक्षर दुसऱ्याचे, असा तो काळ होता.

ही स्थिती पालटण्यास आरंभ झाला तो छापखाना व वाचनालय या दोन गोष्टींमुळे. महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांची सनावळी पाहिली, तर रत्नागिरीचे १८२८ चे, आपल्या नगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे व कोल्हापूरचे १८५० चे, असा क्रम लागतो. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा पुढाकार होता. या मालिकेत आपले नगर मुंबई इलाख्यातील अग्रणी शहरांपैकी एक ठरते, ही अभिमानाची बाब होय. प्रत्यक्ष इंग्लंडात नगरपालिकांना करातून सार्वजनिक ग्रंथालय चालविण्याची मुभा देणारा कायदा झाला तो १८५० साली. म्हणजे नगरचे वाचनालय त्याच्याही बारा वर्षे आधीचे.

मात्र अभिमानाबरोबर विचारही केला पाहिजे. १८३८ साली त्या वाचनालयात मराठी वाचकाला वाचावयास काय मिळणार होते? पहिले मराठी वृत्तपत्र 'दर्पण' मुंबईस निघाले १८३२ मध्ये, म्हणजे अवघ्या सहा वर्षांपूर्वी. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ चा. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ ची. म्हणजे नगरला वाचनालय आधी झाले आणि मराठी कादंबरी मागाहून जन्मास आली! आज आपण पुस्तके आहेत पण वाचक नाहीत अशी तक्रार करतो. त्या काळी पुस्तकेही विरळा, वाचकही विरळा. तरीही काही माणसांनी एक जागा करून ठेवली. पुस्तके मागाहून येतील, वाचकही येतील, आधी जागा पाहिजे, हा विश्वास त्यांच्या ठायी होता. आम्हास या गोष्टीचे मोल फार वाटते.

त्या काळची बहुतेक वाचनालये वर्गणीदारांची असत. जो वर्गणी देईल तो सभासद, व जो सभासद तो वाचक. अर्थात सरकारी कचेरीतील मंडळी, वकील, शिक्षक व थोडे सधन व्यापारी यांचाच तेथे राबता असणार. विणकराने, शेतकऱ्याने, चांभाराने किंवा घरातील स्त्रीने तेथे जाऊन बसावे, ही कल्पना त्या काळच्या समाजाला शिवली नव्हती. नाव 'सार्वजनिक' असले तरी सर्व जन आत यावयास आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

शिवाय ज्याला अक्षरओळख नाही त्याला वाचनालय उघडे असून नसल्यासारखेच. म्हणून वाचनालयांचा इतिहास शाळांच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. अमेरिकन मिशनने १८३१ साली नगरास ठाणे केले. त्यांच्या धर्मप्रचाराविषयी कोणाचे काहीही मत असो, पण मिस फॅरार यांनी नगरात चालविलेली मुलींची शाळा पाहूनच जोतिराव फुले यांच्या मनात पुण्यास मुलींची शाळा काढण्याचा विचार दृढ झाला व १८४८ साली तो अमलात आला, हे विसरता येत नाही. 'ज्ञानोदय' हे पत्रही १८४२ साली नगरासच सुरू झाले. अशा रीतीने आपल्या या कोरडवाहू जिल्ह्यात एकीकडे वाचणारे तयार होऊ लागले व दुसरीकडे वाचावयाचे साहित्यही येऊ लागले.

खेड्यापाड्यांत ही लाट पोहोचविण्याचे श्रेय मात्र आपल्याच मातीतील एका पुरुषास दिले पाहिजे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' हे पत्र हाती घेतले व नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या लहानशा खेड्यातून ते अनेक वर्षे चालविले. रेल्वे नाही, वीज नाही, अशा ठिकाणी छापखाना ठेवून शेतकऱ्यांच्या व कष्टकऱ्यांच्या भाषेत त्यांच्याच सुखदुःखाचे वर्तमानपत्र काढणे हे केवढे धाडस! वृत्तपत्र शहरातून खेड्यात जावे हा नियम. येथे ते खेड्यातून शहरात जाई. चावडीवर एकाने ते मोठ्याने वाचावे व दहांनी ऐकावे, म्हणजे चावडी हेच वाचनालय. पोथीची जुनी श्रवणाची रीत येथे नव्या कामास आली.

योगायोग असा की, त्याच १९१० साली बडोद्यास सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन या तज्ज्ञास आणवून राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. वाचनालय नसलेल्या गावी पेट्यांत भरून पुस्तके पाठविण्याची फिरत्या वाचनालयांची व्यवस्थाही तेथे झाली. सार्वजनिक वाचनालय ही मूठभर वर्गणीदारांची हौस नसून प्रजेची गरज आहे, हे तत्त्व त्या राज्याने कृतीने मान्य केले.

ब्रिटिश मुलखात ते तत्त्व येण्यास वेळ लागला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने वगैरे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. 'सार्वजनिक' या शब्दाचा खरा अर्थ काय, हा प्रश्न त्या ठरावाने ऐरणीवर आणला. पुढे ग्रंथालयांच्या विकासाचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने फैजी समिती नेमली व तिने १९४० साली आपला अहवाल दिला. महायुद्धामुळे तो काही काळ बासनात राहिला व स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ पासून, टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या संस्थांनाच जिल्हा ग्रंथालये म्हणून मान्यता देऊन अनुदान देण्याची पद्धत त्यातून आली. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला व १ मे १९६८ पासून लागू झाला. ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालय समित्या, अ, ब, क, ड असे वर्ग व त्याप्रमाणे अनुदान, ही आज सर्वांच्या परिचयाची व्यवस्था त्या कायद्याचे फळ होय. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे आपल्याकडे ग्रंथालयासाठी वेगळा कर बसविलेला नाही. शासनाचे अनुदान, सभासदांची वर्गणी व गावाची देणगी या तीन दोऱ्यांवर आपली वाचनालये उभी आहेत. पैकी एक दोरा सैल झाला की ताण दुसऱ्यावर येतो, हे विणकरांस सांगावयास नको.

हा झाला सनावळीचा इतिहास. आता आतल्या दालनांकडे वळू. आमच्या लहानपणी, १९७० च्या आगेमागे, आमच्या तालुक्याच्या गावी जे वाचनालय होते ते तीन खोल्यांचे होते. पहिली खोली वृत्तपत्रांची. मध्ये लांब उतरते मेज, त्यावर लाकडी पट्टीत अडकविलेली वर्तमानपत्रे, दोन्ही बाजूंस बाके. या खोलीत येण्यास कसलीही वर्गणी नव्हती, म्हणून तिला मुक्तद्वार म्हणत. दुसरी खोली देवघेवीची. तेथे गजांआड कपाटे, पुढे टेबल, टेबलावर पुस्तकांच्या याद्यांची जाडजूड वही. अनामत व मासिक वर्गणी भरणाऱ्यास एक कार्ड मिळे. यादीतील क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला म्हणजे शिपाई आतून पुस्तक आणी, व पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटविलेल्या कागदावर परतीची तारीख उमटे. तिसरी खोली संदर्भग्रंथांची. कोश, गॅझेटियर व जुनी बांधीव मासिके तेथेच बसून वाचावयाची. स्त्रियांकरिता दुपारचे दोन तास राखून ठेवलेले असत. मुलांसाठी एक वेगळे कपाट होते. दिवाळी आली की थोडी जादा वर्गणी भरून सारे दिवाळी अंक आळीपाळीने वाचावयास मिळत. उन्हाळ्यात अंगणात सतरंज्या घालून व्याख्याने होत.

वाचक म्हणतील, यात विशेष ते काय? विशेष हेच की, आमच्यासारख्याच्या घरी यातील एकही गोष्ट नव्हती. घर म्हणजे एकच मोठी खोली व तिच्यात खड्डामाग. दिवसभर धोट्याचा खटखटाट, एका कोपऱ्यात आई रहाटावर कांड्या भरीत बसलेली, दुसऱ्या कोपऱ्यात चूल. पुस्तक उघडून बसण्यास ना जागा, ना उजेड, ना शांतता. आपल्या समाजातील आमच्या वयाच्या बहुतेकांचे बालपण असेच गेले आहे. आम्हास वाचनालयाने पुस्तकांच्या आधी दिले ते एक बाक, एक दिवा व दोन तासांची शांतता.

आमचे वडील निरक्षर होते. परंतु सुताच्या भावाची बातमी त्यांना रोज हवी असे. आम्ही मराठी चौथीत असताना ते आम्हास संध्याकाळी वाचनालयापर्यंत घेऊन जात, आम्ही आत जाऊन वाचून येत असू व ते बाहेर रस्त्यावर उभे राहून वाट पाहत. एके दिवशी पाऊस आला, तरी ते आत आले नाहीत. "आपल्यासारख्यांचे तिथे काय काम?" असे ते म्हणाले. दारावर कोणी त्यांना अडविले नव्हते, पाटीवर तर 'सर्वांस मुक्तद्वार' असे लिहिलेले होते. पण पाटी वाचता न येणाऱ्यास पाटीचा काय उपयोग? शेवटी तेथील वृद्ध ग्रंथपालांनी ते पाहिले व स्वतः उठून बाहेर आले. "अहो मामा, भिजता कशाला? आत या. पोरगा वाचील, तुम्ही ऐका. आम्हीही ऐकतो," असे म्हणून त्यांनी वडिलांना हाताला धरून बाकावर बसविले. त्या दिवसापासून वडील रोज आत येऊन बसू लागले. पुढे भावाची बातमी संपली तरी ते उठत ना, "अजून काय लिहिलंय?" असे विचारीत. दार उघडे असणे निराळे व आत बोलावणे निराळे, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. वर दिलेल्या सगळ्या सनावळीचे सारही आम्हास याच एका वाक्यात दिसते.

त्याच ग्रंथपालांनी आमच्या अनामतीची रक्कम स्वतः जामीन राहून माफ करविली. पहिलेच पुस्तक आम्ही घरी आणले व मागाजवळ ठेवले, तो त्यावर रंगाचा हात पडून चार पाने डागाळली व बांधणी सुटली. परत करताना पाय लटपटत होते. त्यांनी दंड केला नाही. "तुमच्या घरी खळ असेलच की," एवढेच म्हणाले. ताण्याला पाजणी करताना आपण जी खळ वापरतो तशीच खळ पुस्तकांच्या बांधणीसही लागते. फक्त किडीपासून रक्षणार्थ तीत थोडा मोरचूद घालावा लागतो. त्या सुट्टीत आम्ही त्यांच्या हाताखाली चाळीस-पन्नास पुस्तकांची डागडुजी केली. आपल्या घरातील विद्या पुस्तकांच्याही उपयोगी पडते, हे पाहून आम्हास जी धन्यता वाटली ती वर्णन करता येत नाही.

येथे एक कबुलीही दिली पाहिजे. पुढे आम्ही शिक्षक झालो. १९८७ नंतर खडू-फळा योजनेखाली शाळाशाळांना गोष्टींच्या पुस्तकांचे संच मिळाले, तसे आमच्याही शाळेस मिळाले. आम्ही काय केले? पुस्तके मोजली, नोंदवहीत चढविली, कपाटात ठेवली व कुलूप लावले. मुलांनी फाडली, हरविली, तर तपासणीच्या वेळी भरपाई कोण देणार, ही धास्ती! दोन वर्षे ते कपाट उघडले नाही. तिसऱ्या वर्षी उघडले तेव्हा वाळवीने आपले काम केले होते. मुलांनी जेवढी पुस्तके खराब केली असती त्याहून अधिक वाळवीने केली, आणि तीही न वाचता. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतील पहिलेच सूत्र असे की ग्रंथ हे वापरासाठी असतात. ज्या ग्रंथपालांनी आमच्या वडिलांना हात धरून आत आणले, त्यांच्याच विद्यार्थ्याने असे करावे याची लाज आम्हास आजही वाटते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आम्ही पुस्तकांचे कपाट वर्गात उघडे ठेवले. काही पुस्तके हरविली हे खरे. परंतु ती कोणाच्या तरी घरी गेली एवढे समाधान राहिले.

आता काळ पालटला आहे. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे, वर्तमानपत्रही त्यातच वाचले जाते. मग वाचनालयाची खोली कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतील. त्यांनी एकदा आपल्याच गावातील एखाद्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत डोकावून पाहावे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत तेथे बसलेली दिसतात. पुस्तके पुष्कळदा त्यांची स्वतःचीच असतात; ती येतात बाकासाठी, दिव्यासाठी व शांततेसाठी, म्हणजे आम्ही ज्यासाठी जात होतो त्याचसाठी. माग गेले, पण घरे मोठी झाली नाहीत. दोन खोल्यांत सहा माणसे व सतत चालू असलेला दूरचित्रवाणी संच, यात अभ्यास होत नाही. खासगी अभ्यासिकांचे मासिक शुल्क सर्वांस झेपत नाही. मुलींना तर रात्री लांब जाण्याचीही अडचण. म्हणजे १८३८ साली ज्या गोष्टीची उणीव काही शहाण्या माणसांनी जाणली, ती गोष्ट आजही तितकीच हवी आहे.

म्हणून समाजबंधुभगिनींनो, आमची विनंती एवढीच आहे. आपल्या वास्तूच्या दुरुस्तीत रस्त्याच्या बाजूची एक खोली वाचनकक्षासाठी राखून ठेवावी. तीत चांगला उजेड, दहा-बारा बाके, चार वर्तमानपत्रे व उघडी कपाटे असावीत. देणगीदारांची नावे कपाटावर घालावयाची तर खुशाल घालावीत, पण कुलूप घालू नये. मुलींसाठी बसण्याची नीट सोय असावी. आपल्या मुलांपैकी ज्यांना गावच्या वाचनालयाची अनामत भरणे जड जाते त्यांची अनामत निधीतून भरावी, म्हणजे जुन्या संस्थेसही आधार होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे, ही खोली केवळ आपल्याच समाजाची असू नये. आम्हास ज्यांनी आत बोलाविले ते आपल्या जातीचे नव्हते. त्यांनी आमची जात विचारलीही नाही. ते ऋण जातीत फिटणारे नाही. ते फेडावयाचे तर शेजारच्या कोणत्याही घरातील मुलास आपण तसेच आत बोलाविले पाहिजे.

आपले आद्यपुरुष भगवान जिव्हेश्वर शंकराच्या जिव्हेपासून प्रकट झाले, अशी आपली श्रद्धा आहे. ज्यांची उत्पत्तीच वाणीपासून झाली, त्यांच्या वंशजांनी अक्षरास आपल्या वास्तूत एक खोली देऊ नये, हे शोभणारे नाही.

त्या खोलीत रोज संध्याकाळी दोन तास बसण्याची व दाराशी घुटमळणाऱ्यास आत बोलावण्याची जबाबदारी, शरीर साथ देईल तोवर, आम्ही आनंदाने स्वीकारू. संस्थेच्या कार्यास सुयश चिंतून हा लेख पुरा करतो.